मथळ्याच्या पोटांतील हुकूम

परिपाठांत प्रार्थना, प्रतिज्ञा व दिनविशेष हीं झालीं कीं, नववीचा एक विद्यार्थी पुढें येऊन त्या दिवशींचे पांच मथळे मोठ्यानें वाचतो, ही आमच्या शाळेची प्रथा वाचकांस ठाऊक आहेच. त्या मथळ्यांची निवड बरींच वर्षें आमच्याकडे होती. 2017 सालीं या लहानशा कामांत आमच्या हातून एका मुलावर अन्याय झाला. आणि पुढें त्या अन्यायाचें मूळ सांपडलें तेव्हां असें आढळून आलें कीं, शाळेच्या संगणकाचें एक दार कित्येक महिने सताड उघडें राहिलें होतें. दोन्ही गोष्टी एकाच चिन्हाच्या पोटीं जन्मलेल्या, म्हणून त्या येथें एकत्रच सांगतों.

आमच्या संगणक-खोलींत एक जुना संगणक धूळ खात पडला होता. चित्रें असलेलें पान त्यावर उघडावयास घ्यावें तर प्रार्थनेची घंटा होऊन जाई, पण पान उघडत नसे. शेगांवच्या इंजिनिअरिंग महाविद्यालयांत शिकणारा आमचा एक माजी विद्यार्थी 2016 च्या दिवाळीच्या सुटींत भेटावयास आला असतां त्यानें त्या यंत्रावर लिनक्स घातलें आणि 'न्यूजब्यूटर' नांवाचें, फुकट मिळणारें, बातम्या वाचण्याचें एक सॉफ्टवेअर बसवून दिलें. त्यांत चित्र नाहीं, जाहिरात नाहीं. काळ्या पडद्यावर नुसतीं अक्षरें. बहुतेक वर्तमानपत्रें आपल्या नव्या बातम्यांची एक यादी इंटरनेटवर मांडून ठेवतात. प्रत्येक बातमीचा मथळा, तिचा पत्ता आणि थोडासा सारांश एवढेंच तींत असतें. या पद्धतीस आरएसएस म्हणतात व ती 1999 पासून चालत आलेली आहे. न्यूजब्यूटर ठराविक वेळीं अशा पन्नास ठिकाणीं फेरी मारून येई आणि सारे मथळे एकाखालीं एक लावून ठेवी. एखादा पसंत पडला कीं कंट्रोल व बी हीं दोन बटनें एकदम दाबावयाचीं, कीं तो आमच्या निवडक यादींत जाऊन बसे. ज्या मुलाची पाळी असेल तो सकाळीं साडेनऊला येई, यादींतून मथळे वहींत उतरवून घेई, इंग्रजी असतील त्यांचें मराठी करी आणि परिपाठांत वाची.

त्याच यंत्रावर घटकचाचण्यांचे गुण होते, मुलांच्या जन्मतारखा होत्या, आणि शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शाळेची माहिती भरावयाचा परवलीचा शब्द एका फाइलींत उघडा लिहून ठेवलेला होता. हा शेवटचा आळस आमचा स्वतःचा.

वऱ्हाडच्या उन्हामुळें आमच्या शाळा इतर महाराष्ट्रापेक्षां उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्या वर्षीं शाळा उघडते न उघडते तोंच 27 जूनला युक्रेनमध्यें सुरू झालेल्या 'नॉटपेट्या' नांवाच्या उपद्रवानें मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम बंद पाडलें. डेन्मार्कच्या मेर्स्क या जहाज-कंपनीच्या समूहाकडे तें टर्मिनल चालविण्याचें काम होतें. या एका प्रकरणांत आपलें 20 ते 30 कोटी डॉलरांचें नुकसान होईल, असें त्या कंपनीनें पुढें स्वतःच जाहीर केलें. परिपाठांत ही बातमी वाचली गेली आणि तिच्यावर आम्हीं पांच-सात मिनिटें भाष्य केलें. अनोळखी माणसाचें पत्र उघडूं नये, लोभानें कोठेंही बोट लावूं नये, असें बरेंच कांहीं आम्ही बोललों. वस्तुतः तो उपद्रव कोणाच्या लोभामुळें पसरलेला नव्हता; हिशेब ठेवण्याच्या एका युक्रेनियन सॉफ्टवेअरची नेहमींची सुधारणा घेतांना तो तिच्याबरोबर आंत शिरला होता. हें आम्हांस मागाहून कळलें. परंतु शिक्षकाला एकदां विषय सांपडला म्हणजे माहितीवांचून त्याचें फारसें अडत नाहीं!

पुढें जुलैच्या पहिल्या पंधरवड्यांत बातम्या वाचण्याची पाळी एका लाजाळू मुलावर आली. त्याचें नांव येथें देत नाहीं. तो जवळच्या खेड्यांतून सायकलीनें येई. चार लोकांपुढें उभें राहावयाचें म्हणजे त्याच्या पोटांत गोळा उठे, आणि आदल्या रात्रीं गोठ्यांत म्हशींसमोर त्यानें वाचनाचा सराव केला होता, असें त्याच्या आईनें आम्हांस सांगितलें होतें. आवाज चांगला लागला. तीन मथळे नीट झाले. चौथा मथळा त्यानें असा वाचला: "कच्च्या तेलाचा भाव उतरून पिंपामागें पांचवर आला."

त्या दिवसांत तेलाचा भाव पिंपामागें 45 डॉलरांच्या आसपास होता. वरच्या वर्गांतील दोघे-चौघे हंसले. आम्हीं तेथेंच त्याला थांबविलें. "मी असंच उतरवलं, सर. मशीनवर असंच लिहेल व्हतं," असें तो म्हणाला. आम्हीं खोलींत जाऊन यादी पाहिली नाहीं. चूक करून वर यंत्रावर ढकलतोस काय, असें सर्वांसमक्ष विचारलें, त्याच्या वहींत त्या ओळीवर लाल शाईनें 'निष्काळजीपणा' असा शेरा मारून खालीं सही केली, आणि त्या महिन्यांतील त्याची पाळी दुसऱ्याला दिली. त्यानंतर तो मुलगा वर्गांत हात वर करीनासा झाला. आमच्या हें लक्षांत आलें नाहीं असें नाहीं. पण त्याचा अर्थ आम्हीं आपल्या सोयीचा लावला.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यांत एका रात्रीं शेगांवच्या त्या माजी विद्यार्थ्याचा फोन आला. आवाजांत धावपळ. "सर, न्यूजब्यूटर उघडूं नका. निदान मथळे यादींत टाकूं नका. मी रविवारीं येतों." त्या सुमारास न्यूजब्यूटरमधील एक दोष जगजाहीर झाला होता. अशा दोषांना क्रमांक देऊन त्यांची नोंद ठेवण्याची एक जागतिक व्यवस्था आहे. तींत या दोषाचा क्रमांक सीव्हीई-2017-12904 असा आहे. त्या सॉफ्टवेअरच्या 0.7 पासून 2.9 पर्यंतच्या सर्व आवृत्त्यांत तो होता. म्हणजे आमच्या यंत्रावर तें बसविलें गेलें त्याच दिवसापासून तो आमच्याकडे नांदत होता.

दोष काय, हें समजण्यास थोडें आंत शिरावें लागेल. लिनक्समध्यें 'शेल' नांवाचा एक कारभारी असतो. त्याला लिहून दिलेली ओळ तो वाचतो आणि तिची लगेच अंमलबजावणी करतो: ही फाइल उघड, ती पुसून टाक, अमुक मजकूर तमुक पत्त्यावर पाठव. त्याच्या भाषेंत कांहीं चिन्हांना विशेष अर्थ आहे. डॉलरच्या चिन्हापुढें कंस आला कीं, कंसांतील मजकूर हा मजकूर न राहतां हुकूम होतो. शेल तो अगोदर बजावतो आणि त्यांतून जें निष्पन्न होईल तें त्या जागीं ठेवून पुढें जातो. उलट्या अवतरणचिन्हांत घातलेल्या मजकुराचेंहि तसेंच. आपण मथळा यादींत टाकला कीं न्यूजब्यूटर तो मथळा व बातमीचा पत्ता घेऊन एक ओळ तयार करी आणि ती शेलच्या हातीं देई. देण्यापूर्वीं मथळ्यांतील असल्या चिन्हांचें बळ काढून घेणें अवश्य होतें. तेवढेंच राहून गेलें होतें. त्यामुळें जगाच्या कोणत्याहि कोपऱ्यांत बसलेल्या लुच्च्यानें आपल्या बातमीच्या मथळ्यांत डॉलर, कंस आणि त्या कंसांत एखादा हुकूम लिहून ठेवावा. चिखली-मेहकरकडे कोणी तो मथळा 'छान आहे' म्हणून जपून ठेवावा. आणि त्याच क्षणीं येथील यंत्रानें तो हुकूम आपल्या मालकाचाच आहे असें समजून पार पाडावा, अशी सोय होऊन बसली होती. नुसता वाचून सोडून दिलेला मथळा निरुपद्रवी. जो पसंत पडला तोच घातक.

आमचे वडील मेहकर तालुक्यांतील एका खेड्यांत मिशनचे प्रचारक होते. गांवांत वाचतां येणारीं माणसें थोडीं, म्हणून टपालवाल्यानें दिलेलीं पत्रें घेऊन लोक आमच्या ओसरीवर येत आणि वडील तीं वाचून दाखवीत. एकदां मुंबईच्या गिरणींत कामाला असलेल्या एका मुलाचें आपल्या आईला पत्र आलें: धाकटा बैल विकून पैसे ताबडतोब पाठव. वडिलांनीं तें जसेंच्या तसें वाचलें, पुनः एकदां वाचलें, घडी घालून म्हातारीच्या हातीं दिलें आणि पाणी प्यावयास ते उठून आंत गेले. म्हातारी बराच वेळ बसून राहिली. तिनें बैल विकला नाहीं. त्या पत्राचा वाचणारा जर न्यूजब्यूटरसारखा असता, तर पत्र वाचून होण्यापूर्वींच तो गोठ्यांत शिरून बैलाचें दावें सोडता.

मराठी वाचकाला येथें 'ध'चा 'मा' आठवेल. 1773 च्या ऑगस्टमध्यें शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला; 'धरावें' या शब्दांतील 'ध' खोडून त्या जागीं 'मा' केला गेला, अशी परंपरागत कथा आहे. एका अक्षरानें माणसाचा जीव जातो, एवढ्यापुरतें तें साम्य खरें आहे. परंतु तें पत्र निदान हुकुमाचें होतें आणि गारद्यांना आपण हुकूम वाचीत आहों हें ठाऊक होतें. आमच्या संगणकापुढें हुकूम बातमीचे कपडे घालून येणार होता. यंत्राला कपड्यांवरून कांहींच कळत नाहीं, आणि आम्हांस तर फक्त कपडेच दिसत होते.

बातम्या वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर ही पाळी पहिल्यानेंच आली होती असेंहि नाहीं. आरएसएसच्या पूर्वीं यूजनेट नांवाचें एक जागतिक बातमी-जाळें होतें. 1979 सालीं अमेरिकेंतील दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यांतून तें निघालें. त्याच्या संदेशांची ने-आण करणाऱ्या आयएनएन या सॉफ्टवेअरमध्यें असाच दोष असल्याचा इशारा फेब्रुवारी 1997 मध्यें देण्यांत आला होता. नवा गट उघडा, जुना गट बंद करा, असल्या व्यवस्थेच्या संदेशांतील मजकूर तेथें न तपासतां शेलकडे जाई. आणि असे संदेश एका यंत्राकडून दुसऱ्याकडे आपोआप पुढें पाठविले जात असल्यामुळें वाटेंतील प्रत्येक ठाण्यावर तो हुकूम बजावला जाण्याची भीति होती. पुढें जून 2005 मध्यें मायक्रोसॉफ्टला आउटलुक एक्सप्रेसच्या बातमी-वाचकाची दुरुस्ती काढावी लागली. तेथें प्रकार निराळा होता: बातम्या पुरविणाऱ्या यंत्रानें आपल्या गटांच्या यादींत एक रकाना वाजवीपेक्षां लांब पाठविला कीं तो ठरलेल्या जागेंत न मावतां बाहेर सांडे, आणि त्या सांडलेल्या भागांतून परक्याचा हुकूम चाले.

रविवारीं तो माजी विद्यार्थी आला. दोष समजावून देण्यासाठीं त्यानें काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली. दुहेरी अवतरणांत 'तेल' हा शब्द, त्यापुढें डॉलरचें चिन्ह, त्यापुढें 45. ही ओळ जशीच्या तशी छापून दाखव, असें त्यानें शेलला सांगितलें आणि बटन दाबलें.

पडद्यावर उमटलें: तेल 5.

तो पुढें कांहीं बोलत होता. आमचें तिकडे लक्ष नव्हतें. थोड्या वेळानें आम्हीं त्याला निवडक यादी उघडावयास सांगितलें आणि न्यूजब्यूटरच्या स्वतःच्या साठ्यांत मूळ मथळे होते त्यांच्याशीं ती ताडून पाहिली. या कामीं दोन संध्याकाळी गेल्या. कोणी हुकूम लपविलेला मथळा सुदैवानें सांपडला नाहीं. मात्र नऊ मथळ्यांतून डॉलर व त्यापुढील एक-एक आंकडा नाहींसा झालेला होता. त्यांतील एक जुलैमधील तेलाचा. मुलानें यादीवर दिसलें तेंच अक्षरशः उतरविलें होतें. यंत्र महिनोन् महिने आपला रोग आंकड्यांच्या रूपानें उघड सांगत होतें. तो एका नववीच्या मुलानें सर्वांपुढें वाचून दाखविला, आणि आम्हीं त्यालाच शिक्षा केली.

त्या दिवशींच परवलीचे शब्द बदलले, गुणांच्या फाइली त्या यंत्रावरून हलविल्या आणि दुरुस्त आवृत्ति घातली. सप्टेंबरांत त्याच सॉफ्टवेअरच्या जोडीदारांत, ध्वनिफिती उतरवून घेणाऱ्या 'पॉडब्यूटर'मध्यें, याच जातीचा दुसरा दोष निघाला. तेथें फाइलीच्या नांवांत हुकूम लपवितां येत होता. आम्ही तें वापरीत नव्हतों. न्यूजब्यूटरची निगा पुढें थांबली व त्यांतूनच निघालेलें 'न्यूजबोट' त्याच्या जागीं आलें. आतां आम्ही तेंच वापरतों.

सोमवारीं परिपाठांत आम्हीं त्या मुलाला पुढें बोलाविलें. त्याला वाटलें, पुनः कांहीं चुकलें. ज्या जागीं उभें राहून आम्हीं त्याला रागें भरलों होतों त्याच जागीं उभें राहून, चूक त्याची नव्हती, आमची होती, असें सांगितलें आणि घडलेला प्रकार सर्व मुलांस समजावून दिला. हें करण्यापूर्वीं आदल्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नव्हती, हेंहि सांगून टाकतों. शिक्षकाची प्रतिष्ठा म्हणून जी एक वस्तु आहे ती रात्रीं फार मोठी दिसते. मुलें शांत होतीं. त्या मुलाचा चेहरा उजळेल अशी आमची अपेक्षा होती. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला आणि शेवटीं त्यानें विचारलें, "सर, डालरचं चिन्ह गेलं ते समजलं. पण मंग चार कुठी गेले?"

हा प्रश्न आम्हांस सुचलाच नव्हता. उत्तर शेगांवला फोन करून मिळवावें लागलें. शेलच्या भाषेंत डॉलरपुढें एक आंकडा आला कीं तो 'त्या क्रमांकाची वस्तु' असा अर्थ होतो. डॉलर-चार म्हणजे सोबत दिलेल्यांपैकीं चौथी वस्तु. चौथी वस्तु कोणी दिलेलीच नव्हती, म्हणून त्या जागीं कांहींच आलें नाहीं आणि उरला तो 5. दुसऱ्या दिवशीं हें त्याला सांगितलें तेव्हां मात्र तो हंसला.

पालकांसाठीं एक गोष्ट येथेंच सांगून टाकावीशी वाटते, कारण ती याच कुळांतली आहे. अलीकडे एका पालकांच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपमधून लग्नपत्रिका आली. नंबर ओळखीच्या माणसाचा होता. पत्रिका उघडण्यासाठीं त्यांनीं बोट लावलें, मोबाइलनें कसलीशी परवानगी मागितली, त्यांनीं ती दिली. पत्रिका कांहीं उघडली नाहीं. रात्रीं सोयाबीनच्या पैशांपैकीं बरीचशी रक्कम खात्यांतून निघून गेली होती. ते गृहस्थ चांगले शिकलेले आहेत. ज्या ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून ती आली त्यालाहि कांहीं ठाऊक नव्हतें, कारण त्याचा मोबाइल अगोदरच परक्याच्या हातीं गेला होता. ज्या फाइलीच्या नांवाच्या शेवटीं 'एपीके' हीं अक्षरें असतात ती पत्रिका नसते, चित्र नसतें, दंडाची पावतीहि नसते. ती मोबाइलवर बसून कामें करणारें सॉफ्टवेअर असते, आणि तिला संदेश वाचण्याची परवानगी मिळाली कीं बँकेचा ओटीपी आपल्या अगोदर तिच्या हातीं पडतो. तसें घडलेंच तर क्षणाचाहि विलंब न लावतां 1930 या क्रमांकावर फोन करावा. त्या पालकांनीं लाजेनें दोन दिवस कोणाला सांगितलें नाहीं, आणि त्यांचें खरें नुकसान त्या दोन दिवसांत झालें.

त्या मुलाची पाळी सप्टेंबरांत पुनः आली. यंत्र दुरुस्त झालें होतें तरी तो प्रत्येक मथळा मूळ बातमीशीं ताडून मगच वहींत उतरवी. त्यापायीं त्याला साडेनऊच्या ऐवजीं नऊला यावें लागे, तरीहि त्यानें तो क्रम वर्षभर चालविला. वर्ष संपतांना वह्या तपासण्यासाठीं आमच्याकडे आल्या. जुलैच्या त्या पानावरील लाल शेरा खोडून टाकावा म्हणून आम्हीं पेन उघडलें. तो समोरच उभा होता. "राहूं द्या, सर," तो म्हणाला. शेऱ्याच्या वर, त्या ओळीच्या शेजारीं त्यानें केव्हांतरी पेन्सिलीनें बारीक अक्षरांत डॉलरचें चिन्ह काढून त्यापुढें 45 लिहून ठेवलें होतें.